पुतण्याचा ब्लड कॅन्सर अन् पीडी-१, टिम-३ ची तपासणी : करावी का?

वावरवाला (लातूर जिल्हा) | पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री ९.४०

मंडळी, एरवी मी इथं खोडमाशी अन् सोयाबीनच्या भावावर लिहिणारा माणूस. आजचा धागा वेगळा हाय. आरोग्य विभागात टाकायलो, चुकला असंल तर संपादकांनी हलवावा.

धाकट्या भावाचं पोरगं, वय २६. एमएस्सी करून परीक्षांचा अभ्यास करायलं होतं. जुलैत आमची कोळपणी चालू असताना त्याच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायलं. आम्ही शहाण्यांनी दाताच्या डॉक्टरकडं नेलं. दाढ काढायचं ठरलंही होतं. पण डॉक्टर म्हणाले आधी रक्त तपासून आणा. त्यांचे उपकारच म्हणायचे, कारण पांढऱ्या पेशी लाखाच्या वर अन् प्लेटलेट अठरा हजार. दाढ काढली असती तर काय झालं असतं, त्याचा इचार आता करवत नाही. रातोरात संभाजीनगर गाठलं. बोन मॅरोची तपासणी केली, एएमएल नावाचा ब्लड कॅन्सर निघाला. सात दिवस एक औषध, तीन दिवस दुसरं, असा पहिला केमो झालाय. काल पोळा झाला. बैल दारात, पोरगं वॉर्डात. नैवेद्य दाखवताना भावाच्या घशातून आवाज निघंना.

आता प्रश्न. हॉस्पिटलच्या कँटीनमधी एका खासगी लॅबचा माणूस भेटला. म्हणाला, 'इम्यून चेकपॉइंट पॅनल' करून घ्या, पीडी-१, टिम-३ वगैरे, पेशंटचं पुढं काय होणार ते कळतं. १८,५०० रुपये, योजनेत बसत नाही. त्यातच पुण्याच्या पाव्हण्यानं व्हॉट्सअॅपवर एक इंग्रजी पेपर पाठवला. त्याचा अर्थ मला एवढाच लागला, की हे रेणू जास्त असले की पेशंट कमी जगतो.

तपासणी करावी का? अन् जास्त निघालं तर पुढं काय करायचं? भाऊ म्हणायलाय एक एकर गहाण टाकू पण काही सोडायचं नाही. पोराला यातलं काही माहीत नाही.

---

तेरणाकाठ | रात्री १०.०५

दादा, वाचून काळजात धस्स झालं. वैद्यकातलं कळत नाही. रक्त, प्लेटलेट लागलं तर हाक द्या. धाराशिवहून चौघं तरी येऊ.

---

आजीचा_बटवा | रात्री १०.३१

रोगप्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हे आजार होतात. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ द्या, सोबत पपईच्या पानांचा रस. आमच्या शेजाऱ्याच्या प्लेटलेट चार दिवसांत वाढल्या होत्या.

---

स्लाइडवाला | रात्री ११.१२

बटवा, शेजाऱ्याला डेंग्यू झाला असणार. त्यात प्लेटलेट चार-सहा दिवसांत आपोआपच वर येतात, रस प्या नाहीतर उसाचं पाणी प्या. इथं बोन मॅरोच आजारी आहे. केमोच्या काळात लिव्हर जपायचं असतं आणि गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापली आहे. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे नेमकं कुणाला वाढवा? ल्युकेमियात पिसाळलेल्या पेशी या प्रतिकार करणाऱ्या पेशींच्याच कुळातल्या असतात.

वावरवाला, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो. मी पॅथॉलॉजीत आहे, पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीच्या मशिनवर रोज बसतो. ल्युकेमियाची ओळख पटवण्याचं बरंचसं काम याच मशिनवर होतं. कुठं काम करतो ते विचारू नका.

कोळपणीला बैलांच्या तोंडाला मुस्कं बांधता ना? कशाला? बैल भुकेला असतो, दोन्ही बाजूंनी कोवळं पीक असतं. मुस्कं नसलं तर तो तण सोडून पीकच खात सुटेल. आपल्या रक्तातल्या टी पेशी अशाच. खाण्याची ताकद त्यांच्यात जबर. त्या आपल्याच अंगाला लागू नयेत म्हणून शरीरानं त्यांना मुस्की दिलेली आहेत. त्यांनाच चेकपॉइंट म्हणतात. सीटीएलए-४ हे एक, पीडी-१ दुसरं, शिवाय टिम-३, लॅग-३, टिजिट अशी आणखी. पीडी-१ जपानमध्ये क्योटोच्या होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं. सीटीएलए-४ हे मुस्कंच आहे आणि ते काढलं तर टी पेशी गाठ खातात, हे अमेरिकेत अ‍ॅलिसन यांनी उंदरांवर दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०११ पासून मुस्कं काढणारी औषधं बाजारात आहेत. मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये त्यांनी खरोखर चमत्कार केला.

कॅन्सरची लबाडी अशी, की तो स्वतःच बैलाच्या तोंडाला मुस्कं आवळतो. पेशीच्या अंगावर पीडी-एल१ नावाचा रेणू उगवतो, तो टी पेशीच्या पीडी-१ ला जाऊन भिडतो आणि टी पेशी जागच्या जागी थंड होते. असं महिनोन्महिने चाललं की ती दमते. एकाच पेशीवर पीडी-१, टिम-३, लॅग-३ अशी दोन-तीन मुस्की एकदम दिसायला लागतात. हा थकवा ल्युकेमियाच्या पेशंटांच्या मॅरोत दिसतो. काही अभ्यासांत ज्यांच्यात तो जास्त त्यांचा आजार लवकर उलटला, म्हणजे परत आला, हेही खरं. पाव्हण्यांचा पेपर खोटा नाही.

तरीही पॅनल करू नका, असं माझं मत आहे. कारण उद्या लिहितो, सकाळी सातची ड्यूटी आहे.

---

वावरवाला | रात्री ११.४०

मुस्क्याचं पटलं सायेब. पण मग माझा प्रश्न अजूनच पक्का झाला. मुस्कं हाय का नाही ते बघायचं, असलं तर काढायचं औषध द्यायचं. हिशोब सरळ दिसायलाय. करू नका कामून म्हणायलात?

---

उदगीरकर_सध्या_पुणे | दुसरा दिवस, सकाळी ८.१५

मलाही तेच वाटतं. माहिती असलेली कधीही बरी. १८,५०० मध्ये काय येतं आजकाल? पुढं-मागं नवीन औषध आलं तर रिपोर्ट हाताशी राहील.

---

आकडेमोड (नांदेड) | सकाळी ११.२०

संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यक नाही. पण या प्रकारचे पेपर विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून देतो, म्हणून थोडं बोलतो.

'हा रेणू जास्त असेल तर पेशंट कमी जगतो' हे वाक्य कसं तयार होतं बघा. समजा साठ पेशंट घेतले. प्रत्येकाचा पीडी-१ मोजला. मग मधोमध रेघ मारली, वरचे तीस 'जास्त', खालचे तीस 'कमी'. दोन्ही गट किती जगले त्याचे दोन वक्र काढले, त्यांत अंतर पडलं, पेपर झाला. ती रेघ त्या साठांची. दुसऱ्या गावच्या साठांत ती वेगळ्या जागी पडेल. तुमच्या पुतण्याचा आकडा उद्या आला, तर तो 'जास्त' का 'कमी' हे कोणत्या रेघेनं ठरवणार?

दुसरी गंमत. एएमएलवरचे यातले पुष्कळ पेपर एकाच साठ्यावर बेतलेले असतात. टीसीजीए नावाच्या प्रकल्पानं २०१३ मध्ये २०० प्रौढ पेशंटांची जनुकीय माहिती सगळ्यांसाठी खुली केली. फार मोलाचं काम होतं ते. पण तेव्हापासून ज्याच्याकडं संगणक आहे तो त्यातून एक रेणू उचलतो आणि वक्र काढतो. दहा पेपर दिसतात, पेशंट तेच दोनशे. शिवाय तिथं सगळा मॅरो एकत्र दळून मोजलेला. टिम-३ टी पेशीवरचं, की ल्युकेमियाच्या पेशीवरचं, हे पिठाकडं बघून सांगता येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही पैसेवारी आहे. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी धरायची जुनी रीत. पण त्याच गावात कॅनॉलखालचं एखादं वावर हिरवंगार असतं. बरं, पैसेवारी लागली तर निदान शेतसाऱ्यात सूट मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते. या पॅनलच्या पैसेवारीवर काय माफ होणार?

---

स्लाइडवाला | दुपारी २.५०

आकडेमोड सरांनी माझं अर्धं काम केलं. पिठाचा मुद्दा फारच नेमका. एएमएलमध्ये टिम-३ हे खुद्द ल्युकेमियाच्या मूळ पेशींवर असतं आणि निरोगी मूळ पेशींवर जवळपास नसतं. २०१० च्या सुमारास हे कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता, कारण नेम धरायला आयती खूण मिळाली. म्हणजे 'टिम-३ वाढलंय' या एका वाक्याचे दोन अर्थ. टी पेशी दमलेत हा एक, आजाराच्या मुळ्या जास्त आहेत हा दुसरा. पीडी-१ ची कथा आणखी वेगळी. टी पेशी नुकतीच लढायला उठली की तिच्यावरही पीडी-१ येतं. नुसतं पीडी-१ पाहून ती दमली आहे का पेटली आहे हे ठरत नाही. लॅबचा माणूस हे सांगणार नाही. त्याला बहुतेक माहीतही नसेल.

आता वावरवाल्यांचा सरळ हिशोब. मुस्कं दिसलं, काढा. हे करून झालं आहे. आजार उलटलेल्या ७० एएमएल पेशंटांना अमेरिकेत केमोच्या अ‍ॅझासिटिडीनसोबत निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारं औषध दिलं. साधारण एक-तृतीयांश जणांना प्रतिसाद मिळाला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतर पीडी-एल१ रोखणारं दुर्वालुमॅब अ‍ॅझासिटिडीनला जोडून, दोन गट करून पाहिलं. फायदा दिसला नाही. टिम-३ वरचं साबाटोलिमॅब एमडीएसमध्ये, म्हणजे एएमएलच्या जवळच्या मॅरोच्या आजारात, अपेक्षेला उतरलं नाही. सीडी४७ ची कथा तर चटका लावते. हा रेणू 'मला खाऊ नका' अशी खूण, टी पेशींना नव्हे तर दुसऱ्या भक्षक पेशींना दाखवतो. तो जास्त असलेल्या एएमएल पेशंटांचं आयुष्य कमी असल्याचं २००९ मध्येच छापून आलं होतं. मार्कर म्हणून उत्तम. पण त्याला रोखणारं मॅग्रोलिमॅब मोठ्या चाचण्यांत पडलं आणि २०२४ मध्ये एएमएलमधलं काम थांबवावं लागलं.

कारण काय? मेलॅनोमाच्या पेशीत उन्हामुळं शेकडो-हजारो जनुकीय बिघाड असतात, ती टी पेशीला परकी दिसते. एएमएलच्या पेशीत जनुकांतले बिघाड सरासरी तेरा. म्हणजे बैलाचं मुस्कं काढलं तरी त्याला हे तण आहे हेच ओळखू येत नाही. तण पिकासारखंच दिसतं.

वाईट भविष्य सांगणारी खूण आणि औषध कोणतं चालेल ते सांगणारी खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या पाव्हण्यांना हे कृपया कळवा.

---

उदगीरकर_सध्या_पुणे | दुपारी ३.३०

पुण्याचा पाव्हणा मी नाही हो :) पण मग संशोधन होणार कसं? कुणी तपासण्या केल्याच नाहीत तर?

---

स्लाइडवाला | दुपारी ४.०५

व्हायलाच हवं. पण संशोधनात पेशंट पैसे देत नाही. नैतिकता समितीची परवानगी असते, मराठीत संमतीपत्र असतं, नमुना घ्यायची वेळ ठरलेली असते, शंभर-दोनशे जणांचं एकाच पद्धतीनं मोजतात. जो कँटीनमध्ये भेटतो आणि रोख मागतो, तो संशोधन करत नाही. माझ्याच धंद्यातल्या माणसाबद्दल असं लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो.

---

लेकुरवाळी_बीड | रात्री ९.१५

भाऊ, मी मध्येच बोलते. मपली लेक सहा वर्षांची असताना तिला एएलएल हा ब्लड कॅन्सर निघाला. लहान लेकरांतला तो, तुमच्या पुतण्याचा वेगळा, हे ठाऊक हाय. अडीच वर्षं औषधं चालली, आता ती सातवीत हाय. आमाला पण दर आठ दिवसांनी कुणी ना कुणी नवीन तपासणी सांगायचं. आमच्या मॅडमनी एकच शब्द डोक्यात बसवला होता, एमआरडी. केमोनंतर दहा हजार पेशींत एक जरी वाईट पेशी उरली तरी सापडते म्हणे. महिन्याच्या शेवटी तो रिपोर्ट यायचा होता तेव्हा मी परळच्या धर्मशाळेत रात्रभर जिन्यावर बसले होते. तो 'निगेटिव्ह' आला. त्या रिपोर्टावरून औषध हलकं ठेवायचं का भारी, ते ठरलं. तपासणी म्हणजे अशी.

आणि एक सांगते, इथं कुणीच बोललं नाही. मुंबईला जायच्या आधी आमचा मॅरोचा नमुना वाया गेला होता. कुठं ते सांगत नाही. क्रोमोसोमसाठी हिरव्या झाकणाची नळी लागते, त्यांनी सगळं जांभळ्या झाकणाच्या नळीत भरलं. लेकराच्या कमरेत परत सुई. ती किंकाळी मला आजपण ऐकू येती. म्हणून भाऊ, १८ हजारांच्या तपासणीपरीस नळ्यांची झाकणं बघा.

---

स्लाइडवाला | रात्री १०.२०

ताई, तुमच्या पोस्टपुढं माझ्या सगळ्या पोस्टी फिक्या. बरोबर आहे. जांभळं झाकण म्हणजे ईडीटीए, फ्लो आणि जनुकीय तपासणीसाठी. हिरवं म्हणजे हेपॅरिन, क्रोमोसोमसाठी, कारण तिथं पेशी जिवंत लागतात, वाढवाव्या लागतात. उलटं झालं तर दोन्हीकडं घोळ. हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे जनुक मोजायच्या तपासणीला, मारक. शिवाय एमआरडीसाठी पहिल्या ओढीचा मॅरो लागतो. चौथ्या-पाचव्या ओढीत नुसतं रक्त येतं आणि आजार आहे त्याहून कमी दिसतो.

तुम्ही मुलांच्या एएलएलचा विषय काढला म्हणून सांगतो, जर्मनीतल्या एका गटाला मुलांच्या मॅरोतल्या टी पेशींवर टिम-३ जास्त असलं की आजार उलटण्याचा धोका जास्त दिसला. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात विचार करण्याजोगं काम, कारण त्यांनी दळलेलं पीठ नाही, एकेक पेशी पाहिली. तरीही मुलाचं औषध आज एमआरडीवरच ठरतं, टिम-३ वर नाही.

वावरवाला, पुतण्याचे हे रिपोर्ट आलेत का : क्रोमोसोम, एफएलटी३, एनपीएम१? एएमएलची जोखीम ठरवायचे युरोपचे निकष आहेत, २०२२ चे. आपल्याकडंही तेच वापरतात. त्यात हे सगळं आहे, टीपी५३ आहे, आणखीही जनुकं आहेत. पीडी-१, टिम-३ त्यात कुठंच नाहीत.

---

खारघर_रिटर्न (परभणी) | तिसरा दिवस, सकाळी ७.१०

भावाचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालाय, दाता मी. मुस्क्याची चर्चा वाचून एक भर. ट्रान्सप्लांट म्हणजे तरी काय, दुसऱ्याच्या गोठ्यातले बैल आणायचे. नव्या बैलांना तण परकं दिसतं, ते खातात. पण पीकही परकं दिसतं! भावाच्या अंगावर पुरळ उठलं, जुलाब सुरू झाले, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. दोन महिने घरी आणता आलं नाही. तेव्हा डॉक्टरांना मी हेच विचारलं होतं, आजार परत आला तर मुस्कं काढायचं औषध चालेल का. त्यांनी अमेरिकेतला अनुभव सांगितला. ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटलेल्या २८ जणांना सीटीएलए-४ चं मुस्कं काढणारं इपिलिमुमॅब दिलं. जास्त मात्रा मिळालेल्या २२ पैकी पाच जणांचा आजार पूर्ण गेला. पण काहींना जीव्हीएचडी उसळला, त्रास भारी झाला. म्हणजे मुस्कं काढलेला बैल कुणाच्या वावरात चरायला जाईल याचा नेम नाही.

---

तेरणाकाठ | सकाळी ९.००

ते मुंबईचं कार-टी आलंय ना, आयआयटीवाल्यांचं? पेपरात वाचलं होतं, परदेशापेक्षा खूप स्वस्त. ते चालणार नाही का?

---

स्लाइडवाला | सकाळी ९.२५

नेक्सकार१९. पेशंटच्याच टी पेशी काढून, त्यांना नेम धरायला शिकवून परत अंगात सोडायच्या, ती कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं काम, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण नावातच उत्तर आहे. ते सीडी१९ वर नेम धरतं, सीडी१९ बी पेशींवर असतं. लेकुरवाळीताईंच्या मुलीसारख्या बी-एएलएलमध्ये, आजार उलटला तर, उपयोगी. एएमएल दुसऱ्या शाखेचा. आणि एएमएलसाठी असा नेम धरावा तर बहुतेक खुणा निरोगी मूळ पेशींवरही सापडतात. तण मारायला फवारा आणि पीकच जळालं, असं होतं.

---

वावरवाला | चौथा दिवस, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आज हातात आले. एनपीएम१ पॉझिटिव्ह, एफएलटी३ निगेटिव्ह, क्रोमोसोम नॉर्मल. 'पॉझिटिव्ह' वाचून भावानं कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो हे पॉझिटिव्ह चांगलं असतं. या आजारात पॉझिटिव्ह चांगलं कवा अन् वाईट कवा, ह्याचं एक पुस्तक काढायला पायजे कुणीतरी.

पॅनलचा विषय मी काढला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, करा, पण रिपोर्ट आला तर मी औषधात काडीचा बदल करणार नाही, मग माझ्याकडं आणता कशाला? इषय तिथंच मिटला. लॅबवाल्याचा फोन अजून येतो. उचलत नाही.

---

आकडेमोड | रात्री ११.३०

वा. मग आता खऱ्या पैसेवारीचं उदाहरण देतो, जिच्यावर काहीतरी माफ होतं.

एनपीएम१ चा बिघाड ही आजाराची सहीच. केमो चालू असताना रक्तात ती सही उरली आहे का ते पीसीआरनं मोजता येतं. इंग्लंडमधल्या ३४६ पेशंटांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. दुसऱ्या केमोनंतर ज्यांच्या रक्तात सही सापडली, त्यांच्यात तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८२ टक्के. ज्यांच्यात नाही सापडली, त्यांच्यात ३०. इथं मधोमध स्वतःच्या सोयीची रेघ मारलेली नाही, सही आहे किंवा नाही. आणि आकड्यावर निर्णय होतो : सही असेल तर ट्रान्सप्लांटचा विचार, नसेल तर पुढचे केमो पूर्ण करायचे. ही तपासणी चुकवू नका. रक्ताची आहे, कमरेत सुईसुद्धा नाही.

---

लेकुरवाळी_बीड | रात्री ११.४५

अन् जांभळ्या झाकणाची नळी!

---

वावरवाला | दोन महिन्यांनी

धागा वर काढायलो. सोयाबीन निघालं, मळणी झाली. भाव इचारू नका.

दुसरा केमो झाला, तब्येतीनं सोसला. मधी ताप आला होता, नऊ दिवस अँटिबायोटिक. त्याच दिवसांत तेरणाकाठ अन् त्यांची चौकडी खरंच आली, दोघांचे प्लेटलेट घेतले. एनपीएम१ साठी रक्त मागच्या सोमवारी गेलंय. नळीचं झाकण बघितलं. जांभळंच होतं. सिस्टरबाई हसायल्या.

---

पुतण्या_स्वतः | त्यानंतर तीन दिवसांनी, पहाटे ४.२०

नवीन खातं उघडलंय. मी तो.

काका, तुम्ही वॉर्डात मला मोबाईल दिला होता, त्यात या साइटवर तुमचंच खातं उघडं होतं. पोळ्याच्या तिसऱ्या दिवसापासून सगळं वाचतोय. 'पोराला यातलं काही माहीत नाही' हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल मोजलं नाही. तुमच्यावर राग नाही. मला माहीत आहे हे तुम्हाला कळू नये म्हणून मीही गप्प राहिलो, म्हणजे आपण दोघं सारखेच.

पण आकडेमोड सर, ८२ आणि ३० हे दोन आकडे मी दोन महिने उशाखाली घेऊन झोपलोय. तुम्ही लिहिलंत ते बरोबर केलंत. वाचणाऱ्यात ज्याचं रक्त आहे तोही असू शकतो, एवढं फक्त लक्षात असू द्या.

स्लाइडवाला सर, मी वनस्पतिशास्त्राचा. 'तण पिकासारखंच दिसतं' यावर मला आमच्याकडचं जंगली भात आठवलं. भाताच्या शेतात उगवतं, लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि उपटावं तर भातच उपटला जातो. मुस्क्याची गोष्ट मी डॉक्टर मॅडमना सांगितली. त्या शहरात वाढलेल्या, मुस्कं म्हणजे काय हे आधी विचारलं. मी कागदावर काढून दाखवलं. तो कागद त्यांनी ठेवून घेतला.

रिपोर्ट काल संध्याकाळी आला. रक्तात सही नाही.

म्हणजे मी ३० च्या गटात आहे. तीस काही शून्य नाही, हे सरांना सांगायची गरज नाही. मॅडम म्हणाल्या ट्रान्सप्लांट आत्ता नाही, पुढचे केमो पूर्ण करू, मग ठराविक महिन्यांनी हीच तपासणी करत राहू. म्हणजे पैसेवारी दर हंगामाला.

तिसरा केमो सोमवारपासून, जास्त मात्रेचा. त्यानंतरच्या आठवड्यात प्लेटलेट पडतील, तेव्हा दाते लागतील. माझा गट ओ पॉझिटिव्ह. ज्यांच्या कोपराजवळची शीर ठसठशीत आहे त्यांनी काकांना निरोप करा. काकांची शीरच सापडेना म्हणून रक्तपेढीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं, हे त्यांनी धाग्यात लिहिलेलं नाही.

---

तेरणाकाठ | सकाळी ६.०२

चौघांपैकी दोघं ओ पॉझिटिव्ह आहोत. वार सांग फक्त.